एका विरजणाएवढं अंतर

प्रिय अन्वी आणि तनय,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर अन्वीनं विचारलं, "आजी, टोरांटोच्या फ्लाइटमध्ये दही लागेल का गं? मला तुझं विरजण न्यायचंय." मी हसले आणि मग एकदम गप्प झाले. तुम्हाला वाटलं, नेटवर्क गेलं. नेटवर्क व्यवस्थित होतं. मला बेळगाव आठवलं होतं.

ती हकिकत मी तुमच्या बाबालाही अर्धीच सांगितली आहे. पण आता डिसेंबरात अन्वी येणार आणि विरजण घेऊन जाणार, म्हणजे पूर्ण सांगायला हवी. वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना तिच्याबद्दल जे माहीत असेल ते सगळं सांगून द्यावं, अशी माझी पद्धत आहे. प्रेशर कुकर दिला तेव्हाही मी शिट्टीचा स्वभाव लिहून दिला होता, तुमच्या आईला विचारा.

तुमच्या बाबानं मला मागे एका मराठी फोरमची लिंक पाठवली होती. तिथे लोक आपापले अमानवीय अनुभव लिहितात. दुपारी वेळ असतो, मी बरेच वाचले. प्रत्येक जण सुरुवातीला सांगतो की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही... आणि पुढच्याच परिच्छेदात पिंपळ, पांढरी साडी आणि उलटी पावलं! मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा तेच वाक्य मलाही लिहायचं आहे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही नाही. माझ्या हकिकतीत पांढरं म्हणाल तर फक्त दही आहे. तुम्हाला पाठवून झालं की हेच मी त्या फोरमवरही टाकणार आहे. कुणाला उत्तर सुचलं तर हवंच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी.

माझी मोठी बहीण, तुमची अक्काआजी, लग्न होऊन बेळगावला गेली तेव्हा आम्ही पिंपळगाव बसवंतला राहत होतो. वडील तिथल्या शाळेत शिक्षक. पिंपळगाव ते बेळगाव म्हणजे आमच्या दृष्टीनं जगाचं दुसरं टोक. आधी नाशिकला यायचं, संध्याकाळची एसटी पकडायची, पुणे, सातारा, कोल्हापूर करत सकाळी उजाडल्यावर बेळगाव. आई वर्षातून एकदा तरी जायची आणि जाताना विरजण न्यायची.

तुम्हाला वाटेल, बेळगावात दही मिळत नव्हतं का? मिळत होतं. पण आईचं दही आईच्या आईकडून आलेलं. रोज रात्री त्यातलं चमचाभर दुधात घालायचं, सकाळी दही, त्यातलं चमचाभर पुन्हा रात्री. असं ते न तुटता चालत आलेलं. घट्ट, सुरी लावली तर वडी पडेल असं, आणि शेवटी जिभेवर किंचित आंबट.

आणि ते न्यायची आईची एक रीत होती. तयार दही ती कधीच नेत नसे. "लागलेलं दही हलवलं की पाणी सोडतं," ती म्हणायची. "मुलीकडं न्यायचं विरजण माहेरी लावायचं आणि सासरी लागायचं." निघायच्या आधी कोमट दुधात विरजण घालायचं, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरायचं, डबा लोकरी शालीत गुंडाळायचा, शालीला सेफ्टी पिना लावायच्या आणि डबा मांडीवर घेऊन बसायचं. खाली ठेवायचा नाही. खाली हादरे बसतात. मांडीवर बसत नाहीत. रात्रभर एसटी आदळत जायची आणि डब्यातलं दूध आईच्या मांडीवर शांतपणे लागत असायचं. बेळगावात उतरून अक्काच्या दारात डबा उघडला की वर साय धरलेलं दही! मग पिना काढून ती आपल्या बांगडीत अडकवून ठेवायची. तिच्या बांगडीत कायम दोन-तीन पिना लटकलेल्या असत. मला ते कधी आवडलं नाही. माझ्या पिनांना डबी आहे, तुम्ही पाहिली आहे.

आमच्या घरात बेळगावचं अंतर कधी मैलांत मोजलं गेलं नाही. कुणी विचारलं की वडील सांगायचे, "एक विरजण."

आता मुख्य गोष्ट. ही काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली.

अक्का घरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण घरी आल्यावर तिनं खाणंच सोडलं. विनयचा, म्हणजे तिच्या मुलाचा, फोन आला. तो पोलिसात होता, सहसा आवाज चढवूनच बोलतो. त्या दिवशी हळू बोलत होता.

"मावशी, ताट तसंच परत येतंय. दोन घास गेले तर गेले. डॉक्टर म्हणतात असंच राहिलं तर नळी घालावी लागेल. आई म्हणतीय नळी घातलीस तर तुझ्याशी बोलणार नाही."

"तिला काय हवंय असं विचारलंस का?"

"विचारलं की. आईच्या हातचं दही आण म्हणाली, मग भात खाते. म्हणजे आजीच्या हातचं. आता कुठून आणू?"

मागून रेवतीचा, त्याच्या बायकोचा, रडका आवाज आला. हॉस्पिटलच्या धावपळीत घर बंद होतं, परतल्यावर तिनं फ्रिज साफ केला आणि बुरशी आलेली वाटी टाकून दिली. ती विरजणाची वाटी होती. बिचारीनं बरोबरच केलं होतं. मी असते तर मीही टाकली असती.

म्हणजे आईचं विरजण आता फक्त माझ्याकडे उरलं होतं. मी रेवतीला म्हटलं, "रडू नकोस. मी घेऊन येते."

तुमच्या बाबानं तिकडून तिकीट काढून दिलं. ओझरहून, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरून, बेळगावला थेट विमान. रस्त्यानं साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि विमानाला जेमतेम तास! मी तिकीट दोनदा वाचलं. पिंपळगावला राहत असताना ओझरवरून आम्ही शेकडो वेळा गेलो असू. तिथून बेळगाव एका तासावर असेल, हे कुणी आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "मग दही कधी लागायचं?"

आणि नेमकं हेच माझ्या डोक्यात आलं नाही. मी, जी किराण्याच्या डब्यांवरही तारीख लिहिते, ती मी त्या सकाळी उठले, दूध कोमट केलं, बोट घालून पाहिलं, विरजण घातलं, डबा भरला, आईच्या जुन्या शालीत गुंडाळला, दोन पिना लावल्या आणि निघाले. हात आपोआप चालले. बेळगावला जायचं म्हणजे असंच करायचं असतं.

लक्षात आलं ते गाडीत. आपले नेहमीचे भाऊसाहेब ड्रायव्हर होते, सातपूरचे. आडगाव गेलं, ओझर जवळ आलं, विमानतळाची पाटी दिसली आणि मी एकदम म्हटलं, "अरे देवा!"

"काय झालं मॅडम? तिकीट राह्यलं का?"

"नाही हो. दही लावून आणलंय मी. ते लागणार कधी? तासाभरात पोचणार मी!"

भाऊसाहेबांनी आरशातून डब्याकडे पाहिलं. "मग काय बिघडलं? दूध हाय ना? तिथं गेल्यावर चहा करून प्या."

"चहासाठी नाही नेत आहे."

"मग पायलटला सांगा, जरा लांबून घ्या म्हणावं." स्वतःच्याच विनोदावर ते लय वेळ हसले. लय हा शब्द त्यांचाच, पण इथे तोच बरोबर आहे.

मला मात्र हसू आलं नाही. परत जायला वेळ नव्हता. मी स्वतःची समजूत घातली — आज नाही तर उद्या सकाळी लागेल. एका रात्रीनं काय होतं? पण विनयचा आवाज आठवत होता. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन नळीचं ठरवणार होते.

विमानतळावर सिक्युरिटीत पिशवी मशीनमधून गेली आणि थांबली. तिथली गणवेशातली मुलगी सटाण्याकडची असावी.

"आजी, यात काय शे?" तिनं विचारलं आणि लगेच सावरून म्हणाली, "म्हणजे, काय आहे?"

"दूध. विरजण लावलेलं."

तिनं पिना काढायला लावल्या, झाकण उघडलं, डबा तिरपा केला. दूध डब्याच्या काठापर्यंत आलं आणि परत गेलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ते दूध होतं. पातळ, पांढरं, हलणारं दूध. मी पाहिलं, तिनं पाहिलं.

"विमानात कशाला लावलं दही?" ती हसू दाबत म्हणाली.

"बहीण आजारी आहे. तिला न्यायचंय."

ती वरिष्ठांना विचारून आली. "न्या आजी. पण घट्ट लावा झाकण, सांडलं तर मला बोलतील." तिनं स्वतःच झाकण दाबून लावलं. मी शाल गुंडाळली आणि दोन्ही पिना पुन्हा लावल्या.

विमान छोटं होतं. एका बाजूला दोन-दोन खुर्च्या, दुसऱ्या बाजूला एकेकच. माझी खुर्ची एकेकाच्या बाजूची, म्हणजे शेजारी कुणीच नाही. हवाईसुंदरीनं गोड आवाजात सांगितलं की पिशवी मांडीवर चालणार नाही, पुढच्या सीटखाली ठेवा. मी म्हटलं, "हादरे बसतील." ती म्हणाली, "मॅम, काही होणार नाही." ठेवली. विमान धावायला लागलं, तेव्हा पायांना सगळी थरथर जाणवत होती आणि मला आईची फार आठवण आली. ती असती तर भांडली असती.

वर गेल्यावर ऊन आत आलं. खाली द्राक्षबागा, मग डोंगर. मला झोप लागली.

तुम्हाला माहीत आहे, मी प्रवासात झोपत नाही. टोरांटोला आले तेव्हाही सबंध वाट जागी होते. पण त्या दिवशी मी झोपले, आणि ती डुलकी नव्हती. रात्रभर झोपल्यावर सकाळी जसं हलकं वाटतं, तशी मी जागी झाले. पायांना मात्र चांगली सूज होती आणि पाठ आखडली होती... रात्रभर बसून आल्यासारखी. कोणतंही स्वप्न पडलं नव्हतं. कुणी दिसलं नाही, कुणी बोललं नाही. फक्त मांडीवर ऊबदार वजन होतं.

डबा माझ्या मांडीवर होता. शालीत नीट गुंडाळलेला. माझे दोन्ही हात त्याच्यावर.

हवाईसुंदरी आली. "मॅम, लँडिंग आहे, खाली ठेवा ना प्लीज. तुम्ही कधी वर घेतलंत?"

"तुम्ही नाही दिलात?"

"नाही मॅम, तुम्ही तर बसल्या बसल्या झोपलात. मी पाणीसुद्धा विचारलं नाही."

मी डबा खाली ठेवायला वाकले, तेव्हा शालीला पिना नव्हत्या. दोन्ही माझ्या उजव्या हातातल्या बांगडीत अडकवलेल्या होत्या.

मुलांनो, इथपर्यंतचं मी समजावून सांगू शकते. माणूस झोपेत काहीही करतो. हातांना सवयी असतात, आईकडे पाहून पाहून त्या आलेल्या असतात. मी अर्धवट झोपेत डबा उचलला असेन, पिना काढल्या असतील. इथपर्यंत ठीक आहे.

बेळगावला विनय घ्यायला आला होता. विमान वेळेवर उतरलं होतं, घड्याळ माझंही तेच सांगत होतं आणि त्याचंही. घरी पोचलो तर जेवणं व्हायची होती. अक्का कॉटवर उशीला टेकून बसली होती. मी तिला इतकी बारीक कधीच पाहिली नव्हती.

"आलीस का सुमे?" ती म्हणाली. "एवढ्या लांब कशाला आलीस गं, मी काय मरतीय काय?"

"मरणार असतीस तर माझी परवानगी घ्यायला पाठवलं असतंस कुणाला तरी."

"जीभ तशीच आहे बघ हिची," ती रेवतीला म्हणाली. मग तिची नजर डब्यावर गेली. "दही आणलंस?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. अक्का, माझ्याकडून चूक झाली, उद्या सकाळी लागेल, आजच्या दिवस दूधभात खा — हे सगळं जुळवून ठेवलं होतं. पण तिनं डबा हातात घेऊन झाकण काढलंसुद्धा.

आत दही होतं.

वर सायीचा पिवळसर थर. रेवतीनं चमचा घातला आणि वडी निघाली. तिरपा केला तरी हललं नाही. दुधाला विरजण लावून जेमतेम तीन-चार तास झाले होते, जानेवारीची थंडी, सीटखालची थरथर... आणि ते रात्रभर लागलेलं दही होतं. मी चव घेतली. शेवटी जिभेवर किंचित आंबट. तो आंबटपणा यायला रात्र जावी लागते, त्याला दुसरा उपाय नाही. हे मी मुलांना शाळेत शिकवलं आहे, सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं आहे.

रेवतीनं मऊ भात कालवला, मीठ घातलं. अक्कानं पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ चावत बसली. विनय दारात उभा होता. घास गिळला गेला तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन बाहेर निघून गेला. पोलीसवाल्यांना रडताना दिसलेलं चालत नाही.

चार-पाच घास झाल्यावर अक्का म्हणाली, "रात्रीच्या गाडीनं आलीस ना? पाय बघ कसे सुजलेत."

"विमानानं आले अक्का. तासाभरात."

तिनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्या बांगडीकडे. पिना अजून तिथेच होत्या.

"खोटं बोलू नको की," ती म्हणाली आणि वाटी पुढे केली. "अजून थोडं घाल."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, ताट पाहिलं आणि नळीचा विषय काढलाच नाही.

परत आल्यावर मी जे करायचं ते केलं. तोच डबा, तीच शाल, तेवढंच दूध, तेवढंच विरजण. डबा स्वयंपाकघरात ठेवला, उन्हात ठेवला, गाडीत घेऊन भाऊसाहेबांबरोबर पिंपळगावपर्यंत जाऊन आले. ते बिचारे काही विचारायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "लागलं का मॅडम?" नाही लागलं. प्रत्येक वेळी रात्र जावी लागली. माझ्या एक जुन्या सहकारी बाई मायक्रोबायॉलॉजीच्या आहेत, त्यांना विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सुमतीताई, तुम्ही चुकून तयार दह्याचा डबा नेला असेल." मलाही तसंच म्हणायला आवडलं असतं. पण सिक्युरिटीतल्या त्या मुलीनं डबा तिरपा केला होता.

पावसाळा सरल्यावर मी पुन्हा बेळगावला गेले. तेच विमान, तीच एकेकाची बाजू, मुद्दाम तशीच तयारी. झोप काही लागली नाही. या वेळी मी मुद्दाम डबा मांडीवर घेतला, लँडिंगला खाली ठेवला. अक्का तोवर वॉकर घेऊन हिंडायला लागली होती. तिनं दारातच डबा घेतला आणि उघडला. दूध. काठापर्यंत हिंदकळणारं दूध.

अक्का इतकी हसली की तिला वॉकर धरून उभं राहावं लागलं.

"आज मात्र तू खरंच विमानानं आलीस," ती म्हणाली.

त्या दुधाचा आम्ही चहा केला. फाटला. टाकून दिला आणि पुन्हा केला. त्या दुपारी आम्ही दोघी अंगणात बसून पिंपळगावच्या इतक्या गोष्टी बोललो की रेवतीनं दोनदा येऊन पाहिलं, सासूबाई बऱ्या आहेत ना म्हणून.

अक्का गेली त्याला आता दोन वर्षं होतील. ते तुम्हाला माहीतच आहे. संध्याकाळी दहीभात खाल्ला, रेवतीला म्हणाली आज जरा आंबट झालंय, आणि झोपेत गेली. मला वाईट वाटलं, पण फार नाही. तिला मिळालेली ती वर्षं चांगली गेली होती.

तर अन्वी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. टोरांटोच्या फ्लाइटमध्ये दही लागेल, तेवढा वेळ असतो, पण ते तुला आत नेऊ देतील याचा भरवसा नाही. म्हणून स्वच्छ सुती फडकं दह्यात भिजवून सावलीत खडखडीत वाळवायचं, घडी करून बॅगेत ठेवायचं. तिकडे गेल्यावर कोमट दुधात ते फडकं रात्रभर बुडवून ठेव. पहिलं दही पातळ येईल, तिसऱ्या खेपेला नीट लागेल. हे शास्त्र आहे आणि ते चालतं. शाल मात्र मी तुला देणार आहे. ती मांडीवर घेऊन बस. त्याचं काही कारण माझ्याजवळ नाही.

त्या दिवशी काय झालं, हे मला आजही माहीत नाही. मी शोधायचं थांबवलेलं नाही, पण घाईही नाही.

विरजण रेवतीकडे आहे आणि माझ्याकडे आहे. काल रात्री लावलं होतं. आज सकाळी लागलं.

तुमची,
आजी
नाशिक